सोनमाळात चोरी होत नाही

साहेब, अंगद काळेला तुम्ही त्याच्या खोपटासमोरून उचललं, ठाण्याच्या मागच्या खोलीत पालथा पाडून मारलं, आणि मग छातीवरची नावाची पट्टी सरळ करत सांगितलंत की असा कुणी माणूस तुमच्याकडं आलाच नव्हता. हे मी कुजबुजत सांगत नाही, माझं नाव घालून लिहिते. मी मेहताब शेख. घोडेगावात कपडे शिवते आणि संघटनेचं काम करते. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. भिऊन नाही. तुमच्या आधीच्या साहेबानं हेच केलं, त्याच्या आधीच्यानंही हेच केलं. माणसं बदलतात, खुर्ची तीच राहते. म्हणून खुर्चीला लिहिते, जो बसला असेल त्यानं वाचावं.

सोनमाळ गाव तुम्हाला माहीत आहे, वाचणाऱ्याला नसेल. शनिशिंगणापूरच्या बिनदाराच्या घरांचं नाव लांबलांब गेलं. सोनमाळ त्याच्याहून लहान, आडबाजूचं, देवही वेगळा, भैरोबा. पण पद्धत तीच धरलेली. घराला चौकट असते, कवाड नसतं. पडदा सोडतात, कुत्रं शिरू नये म्हणून खाली फळी आडवी टाकतात. कडी लावली की भैरोबा कोपतो म्हणतात. रविवारी टेम्पो भरभरून माणसं येतात, मोकळ्या चौकटींसमोर उभं राहून फोटो काढतात, नारळ घेतात, रसवंतीवर बसतात. देवस्थानच्या कमानीवर हातभर अक्षरात लिहिलंय, ‘या गावात चोरी होत नाही’. अख्खं गाव त्या एका वाक्यावर जेवतं. जेवू दे, माझं त्याला काही म्हणणं नाही.

पण चोरी होते, साहेब. माणसं राहतात तिथं होतेच. सोनमाळात झाली तर ती लिहिता येत नाही, एवढाच फरक. लिहिली की कमान खोटी पडते. मग काय करायचं, तर कागद करायचा नाही आणि पारध्याचं पोरगं उचलायचं. गावाच्या वरच्या अंगाला, गायरानाच्या कडेला पारध्यांची वस्ती आहे. पत्र्याची खोपटं, एक हातपंप, आणि कुणाच्या घरातून काहीही गेलं तरी तुमची जीप जिथं न विचारता येते अशी ती जागा.

देवस्थानचे अध्यक्ष गहिनीनाथ यांच्या सुनेचं गंठण गेलं. शुक्रवारी दुपारी गेलं आणि त्याच संध्याकाळी तुमची जीप वस्तीवर आली. मधे तक्रार नाही, पंचनामा नाही, काही नाही. अंगद घोडेगावच्या कांदा मार्केटात हमाली करतो. दिवसभर गोण्या वाहून आला होता, आंघोळ करून बंडी घालत होता. तुमच्या माणसानं मान धरली आणि विचारलं, “अध्यक्षाच्या घरातलं गंठण कुठंय?” एवढं वाक्य अख्ख्या वस्तीनं ऐकलं. मग जीप गेली.

त्याची आई दगडाबाई आमच्या संघटनेच्या खोलीवर आली तेव्हा दिवेलागण झाली होती. पिठाच्या गिरणीच्या माथ्यावर आमची खोली, गिरणी चालू असली की भिंती हलतात. तिथं वकील रोहिणीताई बसतात. मी माझं मशीन बंद करून वर जाते. दगडाबाई दारातच बसली.

“मेहताबबाई, न्यलं,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“अंगदला. अंगावं पानी हाय तसं न्यलं.”

रोहिणीताईंनी तिला पाणी दिलं आणि विचारायला सुरुवात केली. गाडी कसली होती? पुढं पाटी होती का? किती जण उतरले, वर्दीत कोण, साध्या कपड्यात कोण? अंगदच्या अंगावर काय होतं? पायात काय होतं? नवख्या माणसाला हे ऐकून राग येतो. पोरगं गेलंय आणि ही बाई बंडीचा रंग विचारते.

“पिवळी,” दगडाबाई म्हणाली. “भोकं पडल्याली. आता भोकं बी मोजायची का, बाई?”

“नको. चप्पल?”

“अनवानी.”

आमचं काम असं आहे, साहेब. लोकांना वाटतं संघटना म्हणजे झेंडा, घोषणा आणि रस्ता अडवणं. ते कधीतरी. रोजचं काम म्हणजे विचारणं. कारण उद्या तुम्ही म्हणणार की आम्ही त्याला बघितलंच नाही, आणि तेव्हा त्या पिवळ्या बंडीशिवाय आमच्या हातात दुसरं काही असत नाही. रोहिणीताईंनी तिथंच बसून तुमच्या वरच्या साहेबांना, कलेक्टरना आणि मानवी हक्क आयोगाला ईमेल टाकले. उचलल्याची वेळ, ठिकाण, गाडी, बंडी. नवे कायदे आले, कलमांचे आकडे बदलले, जिल्ह्याचं नाव बदललं, तुमच्या पाटीवरचा रंग अजून ओला आहे. पण चोवीस तास बदलले नाहीत. उचललेल्या माणसाला चोवीस तासांत न्यायाधीशासमोर उभं करायचं, आणि का उचललं ते घरच्यांना सांगायचं. हे तुमच्याच ठाण्याच्या भिंतीवर लिहिलंय, पाण्याच्या पिंपाच्या वर. पाणी प्यायला वाकलं की वाचता येतं.

खाली उतरताना मी दगडाबाईला म्हणाले, “रडू नको, आपण जातोय ना.”

“म्या कुठं रडतीय?” ती म्हणाली. “त्याच्या बापाला न्यलं तवा रडले. वस्तीत बसून लई रडले. तवा कुनी इचारलं न्हाई, का न्यलं, कुठं न्यलं. मंग मढं आनून दिलं. आजारी पडला म्हनले. आता रडनार न्हाई बाई. आता इचारनार.”

अंगदच्या बापाला नेल्याचं कुठंही लिहिलेलं नाही. नेलंच नाही तर मारलं कसं? तुमच्या खात्याचा हिशेब असा चोख आहे. माणूस मेला हे खरं, आणि कुणी मारला हे विचारायलाच जागा नाही. म्हणून त्या संध्याकाळी दगडाबाईला काय हवं होतं ते नीट समजून घ्या. पोरगं हवं होतं. आणि पोरगं तुमच्याकडं आहे हे तुमच्या तोंडून हवं होतं, कारण त्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत हे ती एकदा शिकली होती.

ठाण्यात टेबलावर हवालदार ज्ञानेश्वर होते. मी त्यांच्या मुलीच्या शाळेचे कपडे शिवते, त्यामुळं ते माझ्याकडं बघत नव्हते.

“अंगद काळे कुठं आहे?” रोहिणीताईंनी विचारलं.

“असा कुणी नाही मॅडम.”

“हा अर्ज घ्या आणि पोच द्या.”

“शिक्का साहेबांकडं असतो.”

“साहेब कुठंयत?”

“बंदोबस्ताला.”

“कशाच्या?”

ज्ञानेश्वर म्हणाले, “चहा सांगू का?”

“चहा नगं,” दगडाबाई म्हणाली, “पोरगं दे. मंग मीच तुला चहा पाजते.”

आम्ही बाकावर बसलो. थोड्या थोड्या वेळानं उठायचं, टेबलापाशी जायचं आणि तोच प्रश्न विचारायचा. आवाज चढवायचा नाही, शिवी द्यायची नाही, शब्दही बदलायचा नाही. अंगद काळे कुठं आहे? ही रोहिणीताईंची पद्धत. ओरडलं की तुम्ही आमच्यावर सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा टाकता. नुसतं विचारलं की तुमची पंचाईत होते, कारण विचारणं हा अजून गुन्हा झालेला नाही. सकाळी वस्तीवरच्या बाया भाकरी बांधून आल्या, त्याही हेच विचारायला लागल्या. दुपारपर्यंत ज्ञानेश्वरांचा चेहरा असा झाला होता की आत त्यांनाच कोंडलंय की काय असं वाटावं.

शनिवारी तुम्ही आलात. तुम्हाला आठवत असेल. तुम्ही बायांकडं बघून म्हणालात, “इथं काय हळदीकुंकू आहे का?”

“साहेब, अंगद काळे कुठं आहे?”

“कोण अंगद? कोठडी उघडी आहे, बघून घ्या.”

कोठडीत खरंच कुणी नव्हतं. मागच्या अंगाला मुद्देमालाची खोली होती, तिला कुलूप. दगडाबाई अंगणातून त्या भिंतीपाशी गेली आणि त्यांच्या पारधी बोलीत काहीतरी म्हणाली. आतून कुणीतरी खोकलं. ती आमच्याकडं वळली आणि म्हणाली, “त्योच हाय.” रोहिणीताई तुम्हाला म्हणाल्या, ही खोली उघडा. तुम्ही म्हणालात, त्यात मुद्देमाल आहे, कोर्टाच्या परवानगीशिवाय उघडता येत नाही. कायदा तुम्हाला पाठ आहे साहेब. कुलपापुरता का होईना.

संध्याकाळी चोवीस तास उलटले. रोहिणीताईंनी हायकोर्टाच्या खंडपीठासाठी अर्ज तयार केला, पण खंडपीठ सोमवारी उघडणार. सोमवारपर्यंत त्या खोलीत काय होईल ते आम्हाला कळत होतं. रविवारी सकाळी त्या म्हणाल्या, “अध्यक्षांना भेटू. फोन त्यांनी केला असणार, तर मागं घ्यायला सांगू. माणूस आहे, ऐकेल.” मला तशी आशा नव्हती. पण आमच्या संघटनेत असं आहे की समोरच्याला एकदा माणूस धरूनच बोलायचं. नाही निघाला तर पुढचं बघू.

रविवारचं सोनमाळ म्हणजे जत्राच. आम्ही तिघी गहिनीनाथांच्या घरासमोर गेलो. मोकळी चौकट, आत पडदा. ते पांढऱ्या कपड्यात बाहेर आले.

“वकीलबाई, आज गर्दी आहे, नंतर या,” ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून, “मेहताबबाई, तुम्ही पण भैरोबाला?”

“मी चपलांच्या स्टँडपर्यंतच येणार आहे,” मी म्हणाले. “तिथून देवाला ऐकू जातं म्हणतात.”

“भाऊ, अंगदला कशासाठी नेलं?” रोहिणीताईंनी विचारलं.

“मला काय माहीत? पोलिसांना विचारा.”

“पोलीस म्हणतात नेलंच नाही.”

“मग नेलंच नसेल,” असं म्हणून ते पडद्याआड गेले. ज्या घराला दार नाही तिथं माणसाला तोंडावर दार लावता येतं, हे मी त्या दिवशी बघितलं.

आम्ही कमानीपाशी येऊन उभ्या राहिलो. तिथं पुकार केंद्र आहे. पत्र्याची टपरी, माईक, आणि आत सहादेव. सकाळपासून त्याचं चालू होतं, अमुक नंबरची गाडी हलवा, नेवाशाहून आलेल्या आजी हरवल्या आहेत, लाल फ्रॉकमधली मुलगी सापडली आहे. लाऊडस्पीकर देवळापासून पार्किंगपर्यंत. दगडाबाई थोडा वेळ ऐकत राहिली.

“ह्यो हरवल्याल्यांची नावं घेतो व्हय?”

“हो,” मी म्हणाले.

“कुनाची बी?”

ती रांगेत जाऊन उभी राहिली. रोहिणीताई तिला थांबवणार होत्या, मी त्यांचा हात धरला. पुढं एका आज्याची काठी हरवली होती, ती पुकारून झाली. मग हिचा नंबर आला.

“मावशी, कोण हरवलं?” सहादेवनं मान वर न करता विचारलं.

“पोरगं.”

“नाव?”

“अंगद काळे.”

“वय?”

“असंल बाविशीचा.”

“अंगात काय?”

“पिवळी बंडी.”

“शेवटचं कुठं दिसलं?”

“पोलिसाच्या गाडीत.”

सहादेवचा गळा बसला होता, डोळे तारवटले होते. कानानं घ्यायचं आणि तोंडानं सोडायचं, एवढंच तो सकाळपासून करत होता. त्यानं बटण दाबलं.

“भाविकांनी इकडे लक्ष द्यावे. अंगद काळे, वय बावीस, अंगात पिवळी बंडी, शेवटी पोलिसांच्या गाडीत दिसलेले. ते जिथे असतील तिथून त्यांनी ताबडतोब पुकार केंद्राजवळ यावे, त्यांची आई वाट पाहत आहे. ज्यांच्याकडे असतील त्यांनी आणून सोडावे, आई कुणाला काही बोलणार नाही.”

शेवटचं वाक्य तो हरवलेल्या प्रत्येक लेकराच्या मागं लावतो. सवयीनं लावलं. रसवंतीवरचा घुंगरांचा आवाज थांबला. माणसं भोंग्याकडं बघायला लागली. सहादेवनं आपण काय बोललो ते स्वतःच ऐकलं आणि हात माईकवरून असा उचलला की जणू चटका बसला.

तोवर गहिनीनाथ पळत आले. पांढऱ्या कपड्यातला माणूस पळायला लागला की गर्दी आपोआप बाजूला होते. त्यांनी सहादेवला ढकलून माईक घेतला.

“भाविकांना नम्र विनंती आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका. आपल्या सोनमाळात चोरी झालेली नाही, होत नाही आणि होणार नाही. अध्यक्षाच्या घरात तर नाहीच नाही.”

रोहिणीताई टपरीच्या खिडकीतून, माईक चालू असतानाच, अगदी सावकाश म्हणाल्या, “अध्यक्ष, चोरीचं कोण काय म्हणालं? ही बाई तर पोरगं हरवलं म्हणते.”

तेही भोंग्यातून सगळीकडं गेलं. एक फेटेवाला म्हातारा हसला. त्याच्या शेजारची बाई म्हणाली, “अवो, मग अध्यक्षाच्या घरात झालं तरी काय?” लोकांनी मोबाईल वर काढले होते. गहिनीनाथांना माईक बंद कसा करायचा ते सापडत नव्हतं आणि सहादेव सांगत नव्हता.

रोहिणीताईंनी तिथूनच तुम्हाला फोन लावला, साहेब. आवाज मोठा करून. “साहेब, सोनमाळच्या अध्यक्षांनी आत्ता माईकवर सांगितलं, चोरी झालेली नाही. मग अंगद काळे तुमच्याकडं कशासाठी आहे?” तुम्ही फोन ठेवलात. ठेवणारच. चोरी झाली म्हणालात तर कमान खोटी. झाली नाही म्हणालात तर तुम्ही खोटे. अशा अडचणीत तुम्हाला आम्ही घातलं नाही. तुम्ही आणि अध्यक्षांनी मिळून ती बांधली होती, आमची फक्त पुकार होती.

दुपारी मार्केटच्या वजनकाट्याजवळ एक गाडी थांबली आणि अंगदला खाली टाकून गेली. काट्यावरच्या पोरांनी आम्हाला फोन केला. आम्ही पोचलो तेव्हा तो गोणीवर बसला होता. बंडी तीच. पाय समोर पसरलेले, तळपाय काळेनिळे, सुजून भाकरीसारखे झालेले.

“मेहताबमावशी,” तो म्हणाला, “त्यांनी माझं नाव बी इचारलं न्हाई. नुसतं गंठन कुठंय, गंठन कुठंय. म्या म्हनलं, सायेब, आधी चोरी झाली आसं लिवा, मंग सांगतो.”

“असं बोललास?”

“व्हय. तिथून फुडं तळपायावं घातलं. त्याआधी निसतं पाठीत हुतं.”

दगडाबाईनं त्याच्या कानफटात एक हळूच मारली आणि मग त्याचे पाय मांडीवर घेतले.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना रोहिणीताई एवढंच म्हणाल्या, कुणी मारलं ते तुम्ही लिहू नका, तुम्हाला दिसतं ते लिहा. त्यांनी लिहिलं. दोन्ही तळपाय, पाठ. गुडघे, कोपरं, डोकं, हाताचे पंजे, यांवर ओरखडा नाही. भल्या माणसानं नीट बघून, न घाबरता लिहिलं.

इथं गोष्ट संपावी असं वस्तीतल्या बऱ्याच जणांना वाटत होतं. एक म्हातारा दगडाबाईला म्हणाला, “पोरगं आलं ना जितं? आता गप ऱ्हा. सायबाशी वाकडं कशाला?”

ती म्हणाली, “आलं म्हंजे गेल्तं. गेल्तं हे लिवलं पायजे. न्हाईतर फुडल्या बारीला न्हेतील आनि आननार न्हाईत.”

मी पुष्कळ शिबिरांना जाऊन बसले आहे. मानवी हक्क म्हणजे काय यावर तास तास भाषणं ऐकली आहेत. दगडाबाईच्या या उत्तरात ती सगळी मावली, आणि वर जागा उरली.

आम्ही तक्रार केली. तुमच्या खात्यानं चौकशी नेमली. कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं, तर कॅमेरा दुरुस्तीला गेला होता. स्टेशन डायरी मागितली, तर त्या दोन दिवसांत तुमच्या ठाण्यात म्हणे एक सायकल आणि एक म्हैस सोडून कुणीच आलं नव्हतं. वस्तीची साक्ष पारध्यांची म्हणून हलकी. अध्यक्षांच्या माईकवरच्या बोलण्यातून चोरी झाल्याचं सिद्ध होत नाही, उलट झाली नाही असंच सिद्ध होतं, असं तुमचा वकील म्हणाला. खरं होतं ते. अंगदला उचलण्यामागचा फोन कुणी केला, हे सांगणारं आम्हाला कुणी मिळत नव्हतं.

मग एक दिवस माझ्या दुकानात राजेश्वरी आली. गहिनीनाथांची सून. हातात ब्लाउजपीस. माप घेताना ती हळूच म्हणाली, “भाभी, गंठण माझं होतं.”

“माहीत आहे.”

“लग्नात आईनं घातलेलं. ते गेलं हे मी कुणालाच सांगायचं नाही म्हणतात. शेजारणीला नाही, माहेरी नाही. रडायचंसुद्धा नाही, रविवारी लोक येतात.” ती आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याकडची, डोंगरातली. “आमच्याकडं घराला दार असतं. आत आडवा लाकडी आडणा असतो. इथं मला अजून झोप लागत नाही.”

मी टेप गुंडाळली आणि बसले. तिनं मग सांगितलं. त्या दुपारी ती चुलीपाशी होती, सासरे ओट्यावर फोनवर बोलत होते. साहेब, ते तुमच्याशीच बोलत होते. ‘कागद नको. वरच्या वस्तीतला एखादा घ्या, आपोआप बाहेर येईल.’ एखादा. नावसुद्धा नाही.

“हे चौकशीत सांगशील?” असं मी विचारलं नाही. आमच्यात विचारत नाहीत. काय होऊ शकतं ते सांगायचं आणि सोडून द्यायचं. मी सांगितलं. सासरचे घरात ठेवणार नाहीत कदाचित. गाव बोलेल. आम्ही सोबत असू, पण आम्ही तुझ्या घरात नसू. ती ऐकून गेली. ब्लाउज न्यायला आली नाही.

चौकशीच्या शेवटच्या दिवशी, सरकारी विश्रामगृहात, सगळ्यांच्या साक्षी संपत आल्यावर ती मागच्या दारानं आली. डोक्यावर पदर, हातात पिशवी. तुमचे वरचे साहेब म्हणाले, “ताई, आपलं काय?”

“माझंच गंठण गेलं होतं,” ती म्हणाली. “चोरी झाली. सासऱ्यांनी ह्या साहेबांना फोन केला. म्हणाले कागद नको, वरच्या वस्तीतला एखादा घ्या.”

“ताई, विचार करून बोला.”

“विचार करत होते, म्हणूनच यायला उशीर झाला.”

गहिनीनाथ खुर्चीतून अर्धे उठले. “सूनबाई, घरी चला.”

“घराला दार लावा, मग येते,” ती म्हणाली.

मागं बसलेल्या दगडाबाईनं सरकून तिला बाकावर जागा केली. पिशवीत तिचे कपडे होते. तिथूनच आम्ही तिला अकोल्याच्या एसटीत बसवलं. नवरा अधूनमधून फोन करतो, दाराचं काही बोलत नाही. हे पण तुमच्या खात्यावर लिहा. गंठण आजवर सापडलं नाही. कुणी नेलं ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही, कारण तुम्ही ते शोधलंच नाही. चोर पकडायचा तर चोरी लिहावी लागते. ज्या बाईची वस्तू गेली तिला तक्रार करू दिली नाही आणि ज्या माणसानं काही नेलं नाही त्याला पालथा पाडून तळपाय फुटेपर्यंत मारलं, हा तुमचा तपास.

आता तुमच्या खात्याचं उत्तर आलं आहे. त्यात राजेश्वरीचा जबाब ‘कौटुंबिक वादातून दिलेला’ म्हणून बाजूला ठेवला आहे. आणि अंगदबद्दल असं लिहिलंय, ‘सदर इसम हमाली करीत असताना कांद्याच्या ट्रकवरून पडून जखमी झाला असावा.’ तक्रार तुमच्यावरची, आणि उत्तराखाली सहीही तुमचीच.

अंगद आता गोण्या उचलू शकत नाही. काट्यापाशी बसून गोण्यांची तोंडं शिवतो. ते उत्तर मी त्याला वाचून दाखवलं. तो सुईत सुतळी ओवत म्हणाला, “मावशी, ट्रकवरनं म्या दोनदा पडलोय. येकदा हात मोडला, येकदा दात पडला. तळपाय कधी दुखला न्हाई.”

आम्ही हे घेऊन आयोगाकडं गेलो आहोत. खंडपीठाकडंही जाऊ. तिथं तारखा पडतील, वेळ लागेल, तुमची बदली होईल, कदाचित बढतीही. रोहिणीताई त्यांच्या पद्धतीनं विचारत राहतील. दगडाबाई दर सोमवारी तुमच्या टेबलापाशी येऊन विचारते, तशी येत राहील. पण तोवर मला थांबवत नाही, म्हणून मी इथं, सगळ्यांसमोर विचारते. तुम्ही शिकलेले आहात, परीक्षा देऊन त्या खुर्चीवर बसला आहात. तुमची सही खाली आहे. तेव्हा सांगा, साहेब. भरल्या ट्रकवरून खाली पडणाऱ्या माणसाचं डोकं वाचतं, कोपरं वाचतात, गुडघ्याला खरचटत नाही, हाताला माती लागत नाही, आणि नेमके दोन्ही पायांचे तळवे फुटतात, ते कसं? आम्ही उत्तराला थांबलो आहोत. लेखी द्या, आणि पोच आम्ही देऊ.